हातभर माती

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची सकाळ. आदल्या रात्रीच्या शेवटच्या बसने मी धुळ्याहून गावी आले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे सहाला उजाडतं आणि आठला ऊन टोचायला लागतं, त्यामुळे सगळी कामं त्या दोन तासांत उरकायची घाई असते. मी ओट्यावर चहा घेत बसले होते. समोरच्या घरातून मोठीमाय बाहेर आली. हातात तेच जर्मलचं पातेलं, एका बाजूने चेपलेलं. त्यात डाळ-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळल्याचं पहिलं पाणी. चौकातल्या निंबाजवळ जाऊन ती वाकली आणि बुंध्याशी पाणी ओतलं. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून हे बघत आलेय. पण त्या सकाळी पाणी जमिनीत गेलं नाही. लाल-पिवळ्या पेव्हर ब्लॉकवर ते पसरलं, दोन वाळली पानं आणि तांदळाचे चार दाणे सोबत घेऊन उताराला लागलं आणि गटारीत पडलं. मोठीमाय तिथेच उभी राहिली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना अशा नजरेने, आणि उरलेली ओल पायाने पुसली. माझ्याकडे लक्ष गेल्यावर म्हणाली, "आते पानी जिरस नही वं माय."

आणि पातेलं घेऊन घरात गेली.

तिची ती नजर माझ्या मनातून जाईना. पन्नास वर्षं जे काम तिने पुण्य म्हणूनही केलं नाही, नुसतं सवयीने केलं, ते एका सकाळी चौकात घाण करणं ठरलं होतं. निंब तिनेच लावलेला. ७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची आणि तिथून येताना एका दिवशी पदरात मातीसकट रोप घेऊन आली, असं माझी आई सांगते. प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी हे रोप जगलं ते भांड्यांच्या विसळणावर. पुढे नळ आले, टाकी आली, पण पातेल्याचा नेम चुकला नाही. त्या झाडाखाली आमच्या गल्लीतल्या लग्नांच्या हळदी झाल्या, कानबाईच्या रोटांना निघालेल्या बायका तिथे टेकल्या, माझ्या आजोबांची तिरडी तिथेच बांधली. झाडाला पार असा कधी नव्हताच. आसपास काळी माती, तिच्यात निंबोळ्या, बकऱ्यांच्या लेंड्या आणि पोरांनी गोट्यांसाठी केलेल्या गली.

हेही सांगायला हवं की चौकात ब्लॉक बसले तेव्हा मला आनंद झाला होता. आमच्याकडची काळी माती पावसात काय करते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. चप्पल रुतते, निघते ती किलोभर माती घेऊन. आईचे गुडघे दुखतात, तिला जुलै-ऑगस्टात चौक ओलांडून किराणा दुकानापर्यंत जाणं म्हणजे संकट. भावाने फोनवर फोटो पाठवला होता: स्वच्छ, सपाट, रंगीत चौक आणि मधोमध निंब. मी तो फोटो धुळ्यात माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना कौतुकाने दाखवला. झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक नेलेत आणि साल आणि ब्लॉक यांच्यामधली फट सिमेंटने भरून टाकलीय, हे फोटोत दिसतच होतं. मी बघितलं नव्हतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी चौकात जाऊन बसले. दिवसभर पारा ४४ च्या वर होता. दहा वाजून गेले तरी ब्लॉक गरम होते, तव्यावरून भाकरी काढल्यावर काही वेळाने हात लावावा तसे. लहानपणी याच चौकात संध्याकाळी आई घागरभर पाणी शिंपडायची, वास यायचा, आणि रात्री गोधडी टाकून आम्ही झोपायचो. आता कोणी झोपत नाही. पंखे, कूलर घराघरांत आहेत आणि ते चालेपर्यंत प्रश्न नाही. साडेदहाला वीज गेली. सगळी गल्ली बाहेर आली, पण ब्लॉकवर बसेना कोणी. बायकांनी खाटा काढल्या. निंबाची सळसळ होती. हवा वरून थंड आणि खालून गरम, अशी विचित्र दुहेरी. मी बुंध्याला हात लावला. सिमेंटची गळपट्टी आवळल्यासारखी. झाडाची मुळं पाणी पितात हे सगळ्यांना माहीत असतं. ती श्वासही घेतात, मातीच्या कणांमधल्या हवेवर जगतात, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवते.

दुसऱ्या दिवशी सरपंचताईंकडे गेले. तिशी-बत्तिशीची बाई, पहिलीच टर्म, मनापासून काम करणारी. भांडायला गेले नव्हते, विचारायला गेले होते. त्यांनी मला समोर बसवलं, कामाची फाइल काढली आणि समजावून सांगितलं. चौक काँक्रीटीकरण व पेव्हर ब्लॉक बसवणे, असं कामाचं नाव. अंदाजपत्रकात लांबी, रुंदी, क्षेत्रफळ. दर चौरस मीटरचा. काम झाल्यावर शाखा अभियंत्याने मोजमाप करून ते पुस्तिकेत चढवायचं आणि त्यावर ठेकेदाराचं बिल निघायचं. त्या कागदावर चौक हा एक आयत होता. आयतात निंब नव्हता. "ताई, मलाही ते बरं वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण झाडाभोवती जागा सोडा असं कागदात कुठे लिहिलेलं नाही. जेवढी जागा सोडायची तेवढं बिल कमी होणार. मग ठेकेदार कशाला सोडेल?"

मला राग कोणावर काढावा ते कळेना. ठेकेदाराने लबाडी केली नव्हती, दिलेलं क्षेत्रफळ पुरं केलं होतं. अभियंत्याने टेप लावून मोजलं होतं. सरपंचताईंनी सही केली होती. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, नोंद घेतली होती. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि झाडाचं पाणी तोडलं गेलं होतं. दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट घालू नये, एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला होता. मी तो वाचला होता, वर्गात सांगितलाही होता. आमच्या चौकाच्या अंदाजपत्रकापर्यंत तो यायला एका ओळीची गरज होती आणि ती ओळ लिहिणं कोणाचंच काम नव्हतं.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाटकरी राहता तर त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, पाणी कुठे अडलं ते."

आमचं गाव पांझरेच्या काठचं. फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची रीत, आमच्याकडच्या वाचकांना नवी नाही, पण माझ्या पिढीने ती पाहिली ती जवळजवळ शेवटची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि खाली गावाचं थळ, म्हणजे पाटाखाली भिजणारी जमीन, तीन-चार फडांत, म्हणजे भागांत, वाटलेलं. ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षं जुनी मानतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती उभी राहिली आणि इंग्रज आले-गेले तरी टिकली. माझे पणजोबा पाटाच्या पंचांत होते. नाना लहानपणी त्यांच्यासोबत आखाजीच्या बैठकीला जायचे. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं, नवं ठरतं, त्यामुळे हा दिवसच हिशेबाचा. नदीला पाणी किती राहील याचा अंदाज घेऊन त्या बैठकीत ठरायचं, की यंदा किती फड भिजवायचे, कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, आणि कोणता फड कोरडा ठेवायचा. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी असेल तर प्रत्येकाच्या शेताला थोडं थोडं कमी देत बसायचं नाही, भिजवायचे फडच कमी करायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, म्हणून कोरडा राहिला तर सगळ्यांचाच राहायचा आणि पिकला तर सगळ्यांचा पिकायचा.

पाणी सोडायचं ते शेतमालकाने नव्हे. त्यासाठी पाटकरी, बारेकरी, राखणीला जागले, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना धान्यात, खळ्यावर. नाना सांगतात, पाटकरी अनवाणी पाटात चालायचा आणि पायाच्या तळव्याला कळायचं त्याच्या, कुठे गाळ बसलाय, कुठे खेकड्याने बीळ पाडून पाणी पळवलंय. पावसाळ्याआधी पाटाचा गाळ काढायला प्रत्येक घरातला एक माणूस. आला नाही तर दंड. पणजोबांनाही एका वर्षी तो झाला होता आणि त्यांनी तो पंचांत बसूनच भरला, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट.

मी ती गोष्ट ऐकते तेव्हा मला अभिमान वाटतो आणि थोडं अवघडतही. पाणी होतं ते थळात जमीन असलेल्यांचं. ज्यांना जमीन नव्हती त्यांना बैठकीत जागा नव्हती. राखणीचं काम होतं. बायका तर नव्हत्याच. मोठीमायचं घर त्या बैठकीत कधी बसलेलं नाही. त्यामुळे जुनं तेवढं सोनं असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायत आली, मताला सगळे सारखे झाले, निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, आणि समोर बसून फाइल उघडून दाखवणारी सरपंचताई त्यातूनच आली. पण मापाची ती नजर मात्र वाटेत कुठेतरी पडली. पाणी किती आहे ते आधी बघायचं आणि मग किती वापरायचं ते ठरवायचं, हा जो क्रम होता तो उलटा झाला. आता आधी निधी येतो, मग त्यात काय बसेल ते शोधलं जातं. बंधारा अजून आहे, पाटाचा काही भाग वाहतो, काही भागावर घरं झाली. शिवारात बोअर किती आहेत हे मी एकदा ग्रामपंचायतीत विचारलं होतं. नोंद नव्हती.

तसं बघायला गेलं तर अधिकार कमी नाहीत. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. लघुपाटबंधारे, पाणलोट, सामाजिक वनीकरण, पिण्याचं पाणी, जळण आणि चारा, अपारंपरिक ऊर्जा, स्वच्छता, सगळं आहे. २९ वा, शेवटचा, विषय आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. मी ही यादी अनेकदा वाचलीय आणि दरवेळी त्या शेवटच्या ओळीशी थांबते. पैसाही अगदीच नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवलेला होता. २ ऑक्टोबर २०२० ला राज्याने माझी वसुंधरा अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात. आमच्या मराठी शाळेच्या भिंतीवर ती पाच तत्त्वं रंगवलेली आहेत, सुंदर रंगवलेली आहेत. त्या अभियानाने आमच्या गावात कामही झालं. रस्त्यावरचे सगळे दिवे एलईडी झाले, शाळेच्या छताचं पाणी बोअरमध्ये सोडलं गेलं आणि त्या बोअरला मे महिन्यातही पाणी राहू लागलं. हे मी स्वतः हापसून पाहिलंय.

मग अडतं कुठे? मला वाटतं, देखभालीत.

घंटागाडीचंच बघा. आई दोन डबे ठेवते, ओला वेगळा, सुका वेगळा. २०१६ च्या नियमांनी ते सांगितलं, गाडीवरचं गाणं रोज सांगतं, आणि माझी सत्तरीची आई ते पाळते. केळीची सालं, भाजीची देठं एका डब्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून दुसऱ्यात. गाडी येते, गाडीला मधोमध पत्र्याचा पडदाही आहे. ती जाते नाल्याच्या काठावर आणि दोन्ही कप्पे एकाच ढिगावर उलटे होतात, कारण दोन वेगळे खड्डे करायचं काम पहिल्या वर्षी झालं, ते भरले, आणि खत काढून ते रिकामे करायला माणूस नेमलेला नाही. गाडी घेता येते, तिची पूजा होते, फोटो निघतो. खड्डा रिकामा करण्याला ना नारळ ना फोटो.

पूर्वी हा प्रश्न उकिरड्याने सोडवलेला होता. प्रत्येक घराचा उकिरडा गावाबाहेर, शेण, राख, झाडलोट सगळं तिथे, आणि आखाजीच्या आसपास बैलगाडीने ते शेतात. गेल्या वर्षी चुलतभावाच्या शेतात मी शेणखत पसरताना पाहत होते. ट्रॉलीतून काळंभोर, भुसभुशीत खत पडत होतं आणि त्यात चमकत होत्या गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१८ पासून. भाऊ खाली वाकून एक एक पुडी वेचत होता, मग थकला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे, नांगरात जाई." कापसाच्या त्या रानात मी थोडं चालले. प्रत्येक पावलाला काहीतरी चकाकत होतं. मातीत न मिसळणारं ते सगळं आमच्याच गल्लीतून आलेलं होतं. निंबाभोवतीच्या ब्लॉकवर जे झालं तेच इथेही होतं, फक्त उलट्या दिशेने. तिथे जिरायचं ते जिरत नव्हतं, इथे जिरू नये ते जमिनीत चाललं होतं.

झाडांची गोष्ट सगळ्या गावांसारखीच आहे, म्हणून ती लांबवत नाही. २०१७ ला राज्यात ४ कोटींचं लक्ष्य, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. आमच्या शाळेमागच्या माळावर तिन्ही वर्षी खड्डे खोदले गेले. आज तिथे सात करंज उभे आहेत. ते जगले कारण बाजूला शिलाई मशीन घेऊन बसणारे एक आजोबा आहेत, दोन उन्हाळे त्यांनी दुकान बंद करताना प्रत्येकाला एक कळशी घातली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, डोळ्यांसमोर सुकताना बघवत नाही.

मग मला नेहमी बारीपाडा आठवतं. आमच्याच साक्री तालुक्यातला तो आदिवासी पाडा. चैत्राम पवार आणि तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकात उघडंबोडकं झालेलं जंगल राखायला घेतलं, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अख्ख्या खानदेशात पेढे वाटल्यासारखा आनंद होता. मी तिथे वनभाजी स्पर्धेला गेले होते. बायकांनी पानांवर मांडून ठेवलेल्या रानभाज्या, कितीतरी नावं मी पहिल्यांदा ऐकली. जंगलाच्या कडेला उभं राहिलं तर पायांना गार लागतं, आणि आपण धुळे जिल्ह्यातच आहोत यावर विश्वास बसत नाही. तिथे जाऊन परत आलेला प्रत्येक जण लोकसहभाग हा शब्द घेऊन येतो. मला मात्र तिथले नियम आठवतात. कुऱ्हाड कोणी न्यायची नाही, गुरं कुठे चारायची नाहीत, राखण कोणी करायची, मोडलं तर दंड किती. तीस वर्षं तेच ते काम, रोज. त्यांच्यातलाही कोणीतरी पाटकऱ्यासारखा तळपायाने जंगल चाचपत असणार.

ब्लॉकचं पुढे काय झालं ते सांगते. जूनच्या शेवटी मोठा पाऊस झाला. चौकातलं सगळं पाणी, जे आधी निम्मंअधिक तिथेच मुरायचं, ते एकदम गटारीत आलं. गटार तेवढीच होती. ती आमच्या खालच्या गल्लीत फुटली आणि तीन घरांत गुडघाभर पाणी शिरलं. धान्याच्या कोठीत ओल गेली, एका घरातली दादर ज्वारी काळी पडली. मी धुळ्यात होते, आईने फोनवर सांगितलं. आवाजात चीड होती. मी म्हणाले, आता तू बोल. मी त्या गावची मतदार नाही, लग्नानंतर माझं नाव धुळ्याच्या यादीत गेलं. ग्रामसभेत मला बसता येईल, ऐकता येईल, पण मागणी तिचीच हवी.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन होते. या वेळी ती खरोखर झाली, कारण खालच्या गल्लीतल्या बाया चिडलेल्या होत्या. समाजमंदिरात पंचवीस-तीस जणी. मी मागे दाराशी बसले होते. आधी सगळ्या एकदम बोलल्या. मग कोणीतरी विचारलं, पाणी जातं तरी कसं? आणि तिथे जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. एकीने फरशीवर खडूने चौक काढला. दुसरीने उतार दाखवला. तिसरी म्हणाली, शाळेच्या भिंतीजवळ आधी खोलगट होतं, तिथे पाणी थांबायचं, ते भरून टाकलं. कोणाच्या न्हाणीचं पाणी कुठे निघतं, कोणाच्या दारातला शोषखड्डा अजून पाणी घेतो आणि कोणाचा तुंबला, कोणत्या कोपऱ्यात दिवाळीपर्यंत ओल राहते, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. रोजचं सांडपाणी फेकणारीला ते माहीत असतं. मोठीमाय भिंतीला टेकून बसली होती, तिला बोलतं करावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "निंबजोडे पानी जिरे. एक घमेलंबी गटारमा जाये नही." आईने ते लिहून घेतलं, तिच्या शब्दांतच.

ग्रामसभा नेहमीप्रमाणे गणसंख्येअभावी तहकूब झाली. १०० मतदार किंवा १५ टक्के, जे कमी असेल तेवढे तर यावे लागतात. तहकूब सभेला ती अट नसते. आठवड्याने ती झाली तेव्हा आई उभी राहिली. गुडघा धरून उभी राहिली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली आणि नाना खाली मान घालून ऐकत होते. ठराव झाला. चौकातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांभोवती चारही बाजूंनी एक मीटर जागा मोकळी करावी, आणि यापुढे कोणत्याही काँक्रीटच्या अंदाजपत्रकात तेवढं क्षेत्र वजा दाखवावं. भाऊसाहेबांनी विचारलं, वजा कसं दाखवायचं? सरपंचताई म्हणाल्या, "झाडं मोजायची. आधी झाडं, मग चौक."

एका म्हाताऱ्याने विरोध केला. बसवलेले ब्लॉक काढणं म्हणजे पैसा मातीत घालणं, असं त्यांचं म्हणणं. मला ते चूकही वाटलं नाही. पैसा आपलाच आहे. पण खालच्या गल्लीतली ज्यांची ज्वारी गेली होती ती बाई उठली आणि त्यांच्याकडे नुसतं पाहत राहिली, तेव्हा ते बसले.

काम व्हायला दिवाळी आली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी गावी होते. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा पोरगा पहार घेऊन आला. आधी बुंध्याची सिमेंटची पट्टी फोडली. सालीवर खाली पांढरट, ओला, सुरकुतलेला डाग होता, प्लास्टर काढल्यावर हाताची कातडी दिसते तसा. मग एक एक ब्लॉक निघाला. खाली क्रशरची कच, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळी माती, दगडासारखी बसलेली. पहार टाकली की ठण् असा आवाज. पोराने बरंच खणलं तेव्हा ती ढेकळं होऊन सुटायला लागली. मधे एक बोटाएवढं मूळ दिसलं, कचेतून वर येऊन ब्लॉकच्या पोटाला चिकटून आडवं गेलेलं. त्याला धक्का न लावता त्याने बाजूने माती मोकळी केली. ठरावात एक मीटर होतं, प्रत्यक्षात एका बाजूला हातभरच निघालं, कारण पलीकडे नळाची लाइन. गावात अजून पाच झाडं तशीच आहेत, ती पुढच्या आराखड्यात घ्यायचं ठरलंय. काढलेले ब्लॉक शिलाईवाल्या आजोबांच्या मशीनसमोर रचून ठेवले.

मोठीमाय दारात उभी राहून सगळं बघत होती. पोरगा पहार खांद्यावर टाकून गेल्यावर ती आत गेली आणि पातेलं घेऊन आली. वाकली. पाणी ओतलं. पहिल्यांदा ते वर थांबलं, मला वाटलं नाही जिरणार. मग मातीतून बुडबुडे यायला लागले, बारीक, एकामागून एक, पुटपुट असा आवाज करत. आम्ही दोघी वाकून बघत होतो. पाणी खाली गेलं, तांदळाचे दाणे वर राहिले.

"आखो लयस," अजून घेतंय, ती म्हणाली, आणि रिकामं पातेलं घेऊन घराकडे वळली.